बोलायला शिकू या... आचार्य अत्र्यांकडून!

भुयारी मेट्रोने वरळीला गेलात तर 'आचार्य अत्रे चौक' नावाचं स्टेशन लागतं. मे २०२५ मध्ये ते सुरू झालं. आपल्यापैकी बरेच जण तिथे चढतात-उतरतात. पण हा माणूस माईकसमोर उभा राहिला की काय व्हायचं, हे जाणून घ्यायचं असेल तर गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या एखाद्या जुन्या चाळीतल्या ऐंशी-पंचाऐंशीच्या आजोबांना विचारा. त्यांचा चेहराच सांगेल!

प्रल्हाद केशव अत्रे (१८९८–१९६९) म्हणजे कवी, विडंबनकार, नाटककार, 'श्यामची आई' चित्रपटाचे दिग्दर्शक, 'मराठा' दैनिकाचे संपादक. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला आणि संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. मग १ मे १९६० पर्यंत शिवाजी पार्कपासून गिरगाव चौपाटीपर्यंत सभांचा धडाका चालला. कॉम्रेड डांगे, एस. एम. जोशी, प्रबोधनकार अशा दिग्गजांच्या रांगेत अत्र्यांचं नाव निघालं की लोक जेवणं उरकून मैदान गाठायचे.

"पण आपल्याला काय त्याचं? आपण तर इंजिनिअर!" असं म्हणणाऱ्यांनी जरा आपला वर्ग आठवावा. रात्र-रात्र जागून सर्किट चालू करतो एक जण आणि प्रेझेंटेशनला भाव खाऊन जातो दुसराच. व्हायवात उत्तर येत असतं, पण ओठांपर्यंत येत नाही. त्यातून मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींचा एक ठाम समज असतो, की चांगलं बोलणं म्हणजे फाडफाड इंग्रजी. जीडीमध्ये ही मुलं गप्प बसतात आणि हातची नोकरी जाते. अत्र्यांकडे बघायचं ते याचसाठी.

१. आधी शिक्षक, मग वक्ता

अत्रे मुळात शाळामास्तर. पुण्यात कॅम्पातल्या शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं, लंडनला जाऊन अध्यापनाचं शिक्षण घेतलं, मुलांसाठी 'नवयुग वाचनमाला' तयार केली. लहान मुलाला कळेल असं लिहिणं किती अवघड असतं, हे ज्याने लिहून पाहिलंय त्यालाच कळतं! मैदानावर हीच सवय कामी आली. पाळी संपवून आलेला गिरणी कामगार आणि दादरचा प्राध्यापक, दोघांना एकाच वेळी समजेल अशी भाषा ते बोलत. छोटी वाक्यं, रोजच्या वापरातले शब्द, डोळ्यांपुढे उभं राहील असं उदाहरण. तेव्हा सेमिनारची तयारी करताना स्वतःला विचारा: शेवटच्या बाकावरच्याला हे कळेल का?

२. तेच पुन्हा सांगा, पण वेगळ्या तऱ्हेने

एक्स्टीसीवाल्यांना हे पटकन पटेल. चॅनेलमध्ये नॉइज असेल तर आपण संदेशात जादा बिट्स घालतो, म्हणजे काही हरवलं तरी अर्थ पोचतो. उघड्या मैदानावरची सभा म्हणजे नॉइजच नॉइज! कर्ण्यांचा घुमणारा आवाज, टाळ्या, मागून येणारी माणसं. तिथे एकदाच उच्चारलेला मुद्दा हवेत विरतो. म्हणून मैदान गाजवणारा वक्ता एकच मुद्दा आधी विधान म्हणून सांगतो, मग गोष्ट म्हणून, मग कोपरखळी म्हणून. ऐकणाऱ्याला कंटाळा येत नाही आणि मुद्दा डोक्यात पक्का बसतो. आपण मात्र दहा मिनिटांत बारा मुद्दे कोंबतो आणि एकही पोचत नाही.

३. हशा आला की मुद्दा ठेवा

"गेल्या दहा हजार वर्षांत असं झालं नाही" ही अत्र्यांची लाडकी अतिशयोक्ती. ऐकणाऱ्यालाही ठाऊक असायचं की ही अतिशयोक्ती आहे; गंमत त्यातच होती. हसलेला माणूस सैल होतो, वक्त्याच्या बाजूला सरकतो, आणि नेमका तेव्हाच गंभीर मुद्दा आत शिरतो. म्हणून विनोद विषयातूनच निघायला हवा. नेटवरून उचललेला जोक सुरुवातीला चिकटवला तर हशा वेगळा आणि विषय वेगळा अशी गत होते. (आणि हो, अतिशयोक्ती भाषणात शोभते. प्रोजेक्ट रिपोर्टमधल्या एफिशियन्सीत नको!)

४. प्रसंग ओळखा

७ डिसेंबर १९५६. दादर चौपाटीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अखेरचा निरोप द्यायला अथांग जनसमुदाय लोटला होता. त्या वेळी श्रद्धांजलीचं भाषण केलं ते अत्र्यांनी. सभेत हजारोंना खदखदा हसवणारा हा माणूस त्या संध्याकाळी शोकाकुल माणसांच्या मनातलं बोलला. पुढे १९६४ साली पंडित नेहरू गेले. चळवळीत अत्र्यांनी ज्यांच्यावर सडकून टीका केली होती, त्याच नेहरूंवर त्यांनी 'मराठा'त लेख लिहिले. 'सूर्यास्त' हे पुस्तक त्यातूनच झालं. कुठे काय बोलायचं हे ज्याला कळतं, त्याचं बोलणं लोक ऐकतात.

काय घेऊ नये?

अत्र्यांची टीका कित्येकदा पातळी सोडून व्यक्तीवर जायची. ना. सी. फडक्यांशी त्यांचा वाद तर वर्षानुवर्षं चालला. मैदानावर त्याला टाळ्या पडल्या असतील, पण जीडीमध्ये समोरच्याची खिल्ली उडवलीत तर पॅनेल पहिलं नाव तुमचं कापेल. मुद्द्याशी भांडा, माणसाशी नको.

मग सुरुवात कुठून?

अत्रे नुसते बोलत नव्हते, रोज लिहीत होते. नोव्हेंबर १९५६ मध्ये 'मराठा' सुरू झाला. सकाळच्या अग्रलेखासाठी घासूनपुसून तयार केलेला विषय संध्याकाळच्या सभेत हाताशी असायचाच. आपणही एवढं तरी करू शकतो:

- भाषणाचं पहिलं आणि शेवटचं वाक्य लिहून पाठ करा. मधलं पाठ करू नका, समजून घ्या.
- पीपीटी न उघडता आपला प्रोजेक्ट घरी आईला तीन मिनिटांत सांगा. ती जिथे "म्हणजे काय रे?" विचारेल, तिथे तुमचं स्पष्टीकरण कच्चं आहे.
- आधी मराठीत नीट सांगता येऊ द्या. विचार स्वच्छ झाला की इंग्रजी वाक्यं जुळवणं खूप सोपं जातं.
- आठवड्यातून एकदा चार मित्र जमवून प्रत्येकी दोन मिनिटं बोला. हसले तर हसू दे!

दहा हजारांत एखादाच वक्ता निघतो असं एक संस्कृत वचन आहे. ते ऐकून आपण आधीच हातपाय गाळतो. अत्र्यांच्या एका पुस्तकाचं नाव मात्र 'मी कसा झालो?' असं आहे. त्यात ते आपण शिक्षक, कवी, वक्ता कसे झालो ते सांगतात. 'झालो' हा शब्द नीट वाचा. जे होता येतं ते शिकताही येतं. तेव्हा पुढच्या सेमिनारला सर "कोण येतंय आधी?" असं विचारतील, तेव्हा मान खाली घालू नका. उठा आणि बोला!