थेंबाचा मार आणि उघडी टेकडी

जून 2013 मध्ये कात्रज घाटाजवळ शिंदेवाडीत एका पावसात पाण्याचा लोंढा महामार्गावर आला आणि एक आई व तिची मुलगी वाहून गेली. वर टेकडी फोडलेली होती, ओढ्याची वाट बुजली होती. पुण्याच्या टेकड्यांवर जेसीबी दिसला की मला तेच आठवतं.

पावसाचा मोठा थेंब ताशी सुमारे 30 किलोमीटर वेगाने आदळतो. गवत असेल तर तो मार गवत झेलतं. उघड्या मातीवर मात्र कण उडतात, बारीक गाळाने छिद्रं बुजतात, पाणी मुरायचं थांबून धावू लागतं. वाळू काही सेकंदांत तळाशी बसते. चिकणमातीच्या अतिसूक्ष्म कणाला स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला जवळपास तीन दिवस लागतात. म्हणून बांधकामाच्या कडेला खणलेला गाळखड्डा वाळू धरतो, गढूळपणा नाही. माती मुळात सुटूच न देणं हाच खरा उपाय: उतार टप्प्याटप्प्याने उघडायचा, मोकळ्या जागेवर लगेच पेंढा पसरायचा, कडेला वाळा लावायचा. वाळ्याची मुळं सरळ खोल जातात. आणि खोदाई मेअखेरीस आटोपायची, ही अट तर परवान्यातच हवी.