कापलेल्या फ्रेमची जावा आणि माझं 21,100 रुपयांचं शिक्षण

मागच्या व्हिडिओत आपण कोटेशन कसं द्यायचं ते पाहिलं. आज सांगतो, चुकीचं कोटेशन दिल्यावर काय होतं. उदाहरण दुसऱ्या कुणाचं नाही, माझंच आहे.

कोल्हापुरात माझं टू-व्हीलर स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे, मागे छोटं वर्कशॉप. तीन वर्षांपूर्वी एक गृहस्थ टेम्पोत घालून वडिलांची 1968 ची जावा 250 घेऊन आले. ही गाडी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. 1961 पासून तिथे जावा बनू लागल्या, 1973 पासून त्या येझदी नावाने आल्या आणि 1996 ला कारखाना बंद पडला. किक आणि गिअरचा एकच दांडा असलेली ही गाडी आजही लोक जीव लावून सांभाळतात.

पण या गाडीचं शेपूट गायब होतं. मधल्या काळात कुणीतरी हौसेने ‘बॉबर’ करायला म्हणून फ्रेमचा मागचा भाग ग्राइंडरने कापला होता. शॉकअपचे वरचे माउंटिंगसुद्धा गेले होते.

“वडिलांची आहे ओ, होतंय का बघा की,” ते म्हणाले.

मी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि सांगून टाकलं, “होईल काका. सगळं मिळून 70,000.” मित्रांनो, BBA ला कॉस्टिंगचा पेपर मी चांगल्या मार्कांनी पास झालोय. तरी तोंडातून आकडा निघालाच!

चूक कुठे झाली?

जावाचे बरेच पार्ट आजही नवे मिळतात. फ्रेमचा मागचा भाग मात्र काउंटरवर मिळत नाही. त्यासाठी मी 6,000 धरले होते. पाइप आणायचा, वेल्डिंग मारायचं, झालं! पहिल्यांदा तसंच केलं. मग दोन्ही चाकांना दोरा लावून पाहिलं, तर मागचं चाक 9 मिलिमीटर बाजूला. वेल्डिंगच्या उष्णतेने पाइप ओढला गेला होता.

आमचे जुने मिस्त्री, त्यांना सगळे मामा म्हणतात, ते म्हणाले, “सांधलंय झकास, पण गाडी सरळ जायला नको व्हय?” पुन्हा कापलं.

दुसऱ्या वेळी रीतीने केलं. ओळखीच्या माणसाची न कापलेली जावा आणून मापं घेतली. लोखंडी चॅनेलवर फिक्स्चर बनवलं, त्यात हेडस्टॉक, स्विंगआर्मचा पिव्होट आणि शॉकअपची भोकं जागेवर जखडली. पाइप मूळ जाडीचा, सीमलेस घेतला. जोडाच्या आत घट्ट बसणारा पाइपचा तुकडा घातला, म्हणजे सगळा भार नुसत्या वेल्डिंगवर येत नाही. आधी सगळीकडे टाके, मग एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला थोडं थोडं वेल्डिंग. थंड झाल्यावर पुन्हा माप. शेवटी डाय टेस्ट करून तडा नाही ना, हे पाहिलं.

आता हिशोब बघा

पार्ट्स 38,000, फ्रेम 21,500, क्रोम आणि रंग 19,000. मदतनिसाचे 46 दिवस, 600 रुपयांनी 27,600. एकूण 1,06,100. माझी स्वतःची मजुरी धरलेलीच नाही. म्हणजे तोटा 36,100.

मी वही घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी शांतपणे पाहिली, आतून 15,000 आणून दिले आणि एकच वाक्य बोलले, “आधी सांगितलं असतंत, तर मी थांबलो असतो.” उरलेले 21,100 माझे गेले. पण पैशापेक्षा ते वाक्य जास्त लागलं.

शॉर्टकट कुणी सुचवला तर

तेव्हा एकाने सल्ला दिला होता, “भंगारातली फ्रेम घे, जुना नंबर कापून तिच्यावर बसव.” हे कधीही करू नका. चेसिस नंबरशी छेडछाड म्हणजे थेट गुन्हा. प्रामाणिक वाट दोनच: नंबर असलेली मूळ फ्रेम दुरुस्त करा, नाहीतर कागदपत्रांसकट पूर्ण गाडी घेऊन ती रीतसर नावावर करा.

आणखी एक. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीला ‘VA’ मालिकेतला व्हिंटेज नंबर मिळू शकतो. नवीन नोंदणीची फी 20,000, मुदत 10 वर्षं. पण अट अशी, की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. कापून जोडलेल्या फ्रेमबद्दल निर्णय RTO चा. म्हणून “नंबर मिळवून देतो” असं ग्राहकाला कधीच सांगू नका.

आता माझी पद्धत

1. आधी तपासणी, मग आकडा. तपासणी फी 2,500. गाडी पूर्ण उघडतो, फ्रेम सँडब्लास्ट करतो. पुट्टीखालचे तडे तेव्हाच दिसतात.

2. कोटेशन टप्प्याटप्प्याने. फ्रेम, इंजिन, रंग, वायरिंग वेगवेगळं. एक टप्पा पूर्ण, पैसे जमा, मग पुढचा.

3. फ्रेम आधी. ती सरळ बसल्याशिवाय एकही महागडा पार्ट मागवायचा नाही.

4. लपलेलं काम निघालं तर त्याच दिवशी फोन आणि फोटो. ग्राहकाने होकार लिहून पाठवला तरच हात लावायचा.

तुमचा धंदा शिवणकामाचा असो, फर्निचरचा की केटरिंगचा, प्रत्येक कामात एक ‘कापलेली फ्रेम’ असते. वरून दिसत नाही, पण सगळा भार तिच्यावरच असतो. आज रात्री तुमच्या हातातलं सगळ्यात मोठं काम घ्या आणि वहीत लिहा: यातला कुठला खर्च मी न बघताच धरलाय? सापडला, तर उद्या सकाळी पहिला फोन ग्राहकाला करा.

काका अजून दर दसऱ्याला जावा घेऊन दुकानात येतात. गाडी सरळ चालते. दोरा लावून मीच बघतो.