गेलेली ताकद परत येते

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल चोळताना पुष्कळ गृहस्थांचे लक्ष आपल्या दंडाकडे जाते आणि लगेच दुसरीकडे वळते. कॉलेजात असताना हेच हात ऐंशी किलोंचे वजन लीलया उचलत होते. पुढे नोकरी लागली, बिऱ्हाड थाटले, मुले झाली, आणि आता आठदहा वर्षांनी व्यायामशाळेची पायरी चढायची लाज वाटते. या वयात पुन्हा श्रीगणेशापासून सुरुवात कोण करणार?

पण तशी ती करावी लागतच नाही.

बोदवडकडचा मुलूख कापसाचा. हंगाम आला की पाठीवर ओझे वाहणाऱ्या जुन्या माणसाचे चार दिवस अंग दुखते आणि पुढे तो पूर्वीसारखा चालू लागतो. नवख्या पोराला मात्र तेवढ्याच ओझ्यासाठी बराच काळ झगडावे लागते. ‘जुनं हाड आहे,’ असे म्हणून लोक विषय संपवतात. खरी करामत मात्र हाडाची नाही, स्नायूंची आणि मज्जातंतूंची आहे.

वजन कसे पेलायचे, कोणता स्नायू केव्हा आवळायचा, हे मेंदू एकदा शिकला की सहसा विसरत नाही. सायकलीचेही तसेच. पण स्नायूंतही काही शिल्लक राहते, असे दिसते. स्नायूच्या एकेका तंतूत अनेक केंद्रके असतात, आणि तंतूची वाढ त्यांच्या हुकमतीखाली चालते. नॉर्वेतील क्रिस्टियन गुंडरसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली उंदरांवर दाखवून दिले की, स्नायूवर भार वाढला की आधी केंद्रके वाढतात, मग स्नायू फुगतो. पुढे स्नायू रोडावला तरी ती वाढीव केंद्रके तीन महिने टिकून होती. उंदराच्या आयुष्यात तीन महिने म्हणजे थोडाथोडका काळ नव्हे! माणसातही अगदी असेच घडते का, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही.

अनुभव मात्र माणसांचाच आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात काही स्त्रियांनी वीस आठवडे वजने उचलली, नंतर तीसएक आठवडे हातही लावला नाही. पुन्हा सुरुवात केल्यावर सहा आठवड्यांतच त्यांनी गमावलेले बहुतेक भरून काढले. (बायकांचे हे काम नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी येथे जरा थांबावे.) फिनलंडमधला २०२४ चा प्रयोग तर आळशी माणसाला आवडावा असा आहे. एका गटाने वीस आठवडे सलग व्यायाम केला; दुसऱ्याने मध्ये दहा आठवड्यांची सुट्टी घेतली. व्यायामाचे वीस आठवडे पुरे झाल्यावर दोन्ही गट जवळजवळ बरोबरीत!

आमच्या जळगाव जिल्ह्याचेच विजय चौधरी घ्या. २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे ते महाराष्ट्र केसरी झाले. पुढे पोलीस खात्यात अधिकारी झाले. खात्याची नोकरी म्हणजे बंदोबस्त आणि अवेळी जेवणे. आखाड्याला ती काही मानवणारी नव्हे. तरी २०२३ साली कॅनडात झालेल्या जागतिक पोलीस स्पर्धेत त्यांनी कुस्तीचे सुवर्णपदक आणले.

पण एक धोका आहे, आणि तो जुन्या खेळाडूलाच अधिक. स्नायू लवकर सावरतात, त्यांना हाडाशी बांधणारे कंडरे सावकाश. मनात जुना आकडा घोळत असतो. पहिल्याच दिवशी तो गाठायला जावे तर खांदा धरतो. म्हणून पहिले दोनतीन आठवडे जुन्याच्या निम्म्या वजनावर, एक दिवसाआड, दम राखून काढावेत. अतिरेकाने स्नायूच फुटू लागले तर लघवी काळ्या चहासारखी होते. तसे दिसताच डॉक्टर गाठावा, कारण मूत्रपिंडांवर बेतू शकते. रक्तदाब किंवा मधुमेह असेल त्याने सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारावे. खुराकासाठी डबेबंद भुकटीवाचून अडत नाही. दूध, डाळी, अंडी आहेतच. आणि ज्वारीत उडीद घालून केलेली खानदेशी कळण्याची भाकरी तर घरचीच.

मुहूर्त मात्र भाऊबीज उलटल्यावरचा धरावा. करंज्या आणि अनारसे पोटात असताना बैठका मारायला कोणताही वस्ताद सांगणार नाही.