रक्ताचं रीडिंग आणि झीरो एरर

अकरावीतलं पहिलं प्रॅक्टिकल आठवतंय? व्हर्निअर कॅलिपर हातात आला की सर पहिला प्रश्न विचारायचे, "झीरो एरर बघितलास का?" शून्य कुठे आहे हेच माहीत नसेल, तर पुढचं रीडिंग कितीही बारकाईने घ्या, त्याला अर्थ नाही. आज मला हाच नियम माणसाच्या रक्ताला लावून दाखवायचा आहे.

आता तुम्ही म्हणाल, इन्स्ट्रुमेंटेशनवाल्याला रक्त कशाला हवं? आणि बाळकुममध्ये राहणाऱ्याचा कीटकनाशकाशी संबंध काय? आमच्याकडे नाक्यापासून कशेळीच्या पुलाकडे जाताना आता टॉवरच टॉवर दिसतात. फवारणी म्हणजे डासांसाठी येणारी धुराची गाडी, एवढंच इथल्या पोरांना ठाऊक. पण माझे मामा यवतमाळ जिल्ह्यात, वणीजवळ कपाशी पिकवतात. त्यांच्या भाषेत पऱ्हाटी. फवारणीला ते 'औषध मारणं' म्हणतात. औषध मारून आले की डोळे चुरचुरतात, मळमळतं. मामा म्हणतात, "रात्री झोपलं की जातं." खरंच जातं का, हे शोधायला मी वाचायला लागलो.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते आठवत असेल. मी तेव्हा शाळेत होतो. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती, बोंडअळी आवरत नव्हती, म्हणून दोन-तीन औषधं एकत्र करून फवारणी चालली होती. फवारा वरून अंगावर, नाकातोंडात येत होता. सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले. विषबाधा किती आहे हे सांगणारी रक्ताची एक चाचणी तिथल्या सरकारी रुग्णालयात होत नव्हती, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. ती चाचणी म्हणजे कोलिनएस्टरेज.

ही चाचणी मोजते काय?

नस स्नायूला निरोप देते तो असिटिलकोलिन नावाच्या रसायनातून. निरोप पोचला की ते रसायन पुसून टाकायचं काम कोलिनएस्टरेज हे एन्झाइम करतं. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं नेमकं हेच एन्झाइम बंद पाडतात. मग स्विच ऑनच राहतो! लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, बारीक झालेल्या बाहुल्या, थरथरणारे स्नायू आणि शेवटी श्वासावर संकट.

नसांमधलं एन्झाइम काही मोजता येत नाही. पण त्याचा एक भाऊ तांबड्या रक्तपेशींवर असतो आणि एक चुलतभाऊ प्लाझ्मात. त्यांची हालत बघून नसांमधली हालत ओळखायची. १९६१ साली जॉर्ज एलमन यांनी यासाठी सोपी युक्ती दिली. एन्झाइम जितकं काम करेल तितका पिवळा रंग चढतो, आणि तो ४१२ नॅनोमीटरला मोजायचा. म्हणजे आपल्या केमिस्ट्री लॅबमधला कलरीमीटरच की!

मग भविष्य सांगता येतं का?

इथेच खरी गंमत आहे. रीडिंग कमी म्हणजे पेशंट गंभीर, इतका सरळ हिशोब नाही. श्रीलंकेत मायकेल एडलस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हे तपासून प्रसिद्ध केलं. क्लोरपायरिफॉसच्या रुग्णांपैकी जे वाचले नाहीत, त्या सगळ्यांचं दाखल होतानाचं प्लाझ्मा रीडिंग एका रेषेखाली होतं. पण वाचलेल्यांपैकी बहुतेकांचंही त्याच रेषेखाली होतं! आणि दुसऱ्या कीटकनाशकाला तर ती रेषा तशी लागूच पडली नाही. म्हणजे बाटलीवरचं नाव माहीत नसेल तर आकडा मुका.

शिवाय नमुना घेतल्यावरही नळीत विषाची एन्झाइमशी झटापट चालूच राहते. रक्त लगेच थंड केलं नाही तर लॅबमध्ये पोचेपर्यंत रीडिंग बदललेलं असतं. म्हणूनच डॉक्टर रिपोर्टची वाट बघत बसत नाहीत. श्वास, नाडी, बाहुल्या, छातीतला आवाज आणि शुद्ध किती आहे, हे बघून अट्रोपिन सुरू करतात.

आणखी एक उदाहरण. २००६ मध्ये आपल्या बारामतीच्या डॉक्टरांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. २०० रुग्ण होते. ज्यांना प्रालिडॉक्सिम हे औषध थांबून थांबून दिलं, त्यांच्यात शंभरात ८ दगावले. ज्यांना मोठ्या मात्रेत सलग दिलं, त्यांच्यात १. मग २००९ मध्ये श्रीलंकेतला अभ्यास आला. तिथे याच औषधाने अनेक रुग्णांच्या तांबड्या पेशींतलं एन्झाइम छान वर आलं, पण मृत्यू काही कमी झाले नाहीत. आकडा सुधारला, माणूस नाही! हा वाद अजून मिटलेला नाही.

तर मग चाचणी फुकट?

मुळीच नाही. गडबड झीरो एररची आहे. निरोगी माणसांतही हे रीडिंग एकाचं दुसऱ्यापेक्षा खूप वेगळं असतं. यकृताचा आजार, कुपोषण, गरोदरपण यांतही ते उतरतं. आजारी पडल्यावर पहिल्यांदा मोजलं तर किती उतरलं हे कसं कळणार? फवारणीचा हंगाम सुरू होण्याआधी मोजलेलं असेल तरच कळेल.

कॅलिफोर्नियात १९७४ पासून असा नियम आहे. ही औषधं नेहमी हाताळणाऱ्या कामगाराचं मूळ रीडिंग आधी घ्यायचं. ते २० टक्क्यांनी उतरलं की कामाची पद्धत तपासायची. तांबड्या पेशींतलं ३० किंवा प्लाझ्मातलं ४० टक्क्यांनी उतरलं की माणसाला त्या कामावरून काढून दुसरं काम द्यायचं, आणि मूळच्या ८० टक्क्यांवर आल्याशिवाय परत पंप हातात नाही. म्हणजे चाचणीचा खरा उपयोग खाटेवरच्या माणसाचं भविष्य सांगायला कमी आणि त्याला खाटेपर्यंत पोचूच न द्यायला जास्त.

एक सावधगिरी मात्र हवी. यवतमाळात मारलेली सगळीच औषधं ऑर्गॅनोफॉस्फेट नव्हती. डायफेन्थियुरॉन या एन्झाइमला हातच लावत नाही. तेव्हा रीडिंग नॉर्मल आलं म्हणून मास्क, हातमोजे सोडायचे नाहीत, आणि दवाखान्यात जाताना डबा किंवा निदान लेबलचा फोटो बरोबर न्यायचाच.

माझ्या मामांचं मूळ रीडिंग आज कुठल्याही वहीत नाही. त्यांच्या शेजाऱ्यांचंही नाही. उद्या काही झालं तर डॉक्टरांच्या हातात फक्त एकच आकडा असेल, शून्याशिवायचा.

फायनल इयरवाल्यांनो, प्रोजेक्टसाठी विषय शोधत फिरताय ना? एक एलईडी, एक फोटोडायोड, नमुना थंड ठेवणारा डबा आणि प्रत्येकाची नोंद ठेवणारी वही. डॉक्टर आणि लॅबवाल्यांना बरोबर घेऊन बसलो तर गावातल्या आरोग्य केंद्रात चालेल असं यंत्र आपल्या आवाक्याबाहेरचं नाही. जमलं तर मला हाक मारा. वणीची गाडी मी दाखवतो!

आणि हा नंबर मोबाईलमध्ये टाकून ठेवा : १८०० ११६ ११७. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र. ॲम्ब्युलन्ससाठी १०८.