प्रथिन व जनुक आंतरक्रिया-संग्रह

प्रथिन व जनुक आंतरक्रिया-संग्रह : कोशिकेत (पेशीत) कोणते प्रथिन कोणत्या प्रथिनाशी जोडले जाते व कोणते जनुक दुसऱ्या कोणत्या जनुकाच्या कार्यावर परिणाम करते, यांविषयीच्या प्रायोगिक पुराव्यांची तज्ञांनी पारखून केलेली संगणकीय नोंद. बहुतेक प्रथिने एकेकटी कार्य करीत नाहीत. त्यामुळे एका जनुकातील बिघाडाचा परिणाम समजण्यासाठी त्याच्याशी संबंधित घटकांची माहिती आवश्यक असते व ती असंख्य संशोधन-निबंधांत विखुरलेली असते.

भौतिक आंतरक्रियेत प्रथिने प्रत्यक्ष जोडली जातात किंवा एकाच संकुलात आढळतात. त्या ओळखण्यासाठी स्टॅन्ली फील्ड्स व ओक-क्यू साँग यांनी १९८९ मध्ये यीस्टमधील द्विसंकर पद्धत मांडली. जननिक आंतरक्रियेत दोन जनुकांतील बदलांचा एकत्रित परिणाम पाहतात. दोहोंपैकी एक निकामी असता कोशिका जगते, परंतु दोन्ही निकामी झाल्यास मरते, असा एक प्रकार आहे. बीआरसीए जनुके सदोष असलेल्या कर्ककोशिका पीएआरपी हे एंझाइम रोखल्यास मरतात, असे २००५ मध्ये दिसून आले. या तत्त्वावरील ओलापरिब हे औषध अंडाशयाच्या कर्करोगासाठी २०१४ मध्ये मान्य झाले.

संकलक मूळ निबंध वाचून दोन्ही घटक, त्यांची जीवजाती, प्रयोगपद्धती व निबंधाचा क्रमांक नोंदवितो. निव्वळ अनुमान नोंदवीत नाही. एकाच प्रथिनाला अनेक नावे असतात. कित्येकदा मानवी प्रथिनाची जोड उंदराच्या प्रथिनाशी तपासलेली असते. अशा ठिकाणी झालेली चूक त्या संग्रहावरून आखलेल्या प्रत्येक जाळ्यात शिरते. मोठ्या प्रमाणावरील प्रयोगांत आभासी जोड्याही आढळत असल्याने, भिन्न पद्धतींनी पडताळलेली आंतरक्रिया अधिक विश्वसनीय मानतात.

टोराँटो येथे २००३ मध्ये सुरू झालेला, पुढे ‘बायोग्रिड’ म्हणून ओळखला गेलेला संग्रह आणि यूरोपातील ‘इंटॲक्ट’ हे प्रमुख संग्रह होत. भारतात बंगलोरच्या जीवमाहितीशास्त्र संस्थेने अखिलेश पांडे यांच्या मार्गदर्शनाखाली, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने, मानवी प्रथिनांचा संदर्भसंग्रह २००३ मध्ये प्रसिद्ध केला. पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये स्थापन झालेल्या जीवमाहितीशास्त्र केंद्राने प्रतिजन व प्रतिपिंड यांच्या आंतरक्रियांचा संग्रह तयार केला. तो ज्ञात त्रिमितीय संरचनांवर आधारलेला आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या परळ (मुंबई) येथील प्रजनन-स्वास्थ्य संशोधन संस्थेने स्त्रियांमधील बहुपुटी अंडाशय विकाराशी (पीसीओएस) निगडित जनुकांचा संग्रह २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात २४१ जनुके होती. २०२० च्या सुधारित आवृत्तीत ती ५३३ झाली. हा संग्रह मुख्यतः जनुक व रोग यांच्या संबंधांचा असला, तरी त्यात जनुकांची परस्परसंबंधांची जाळीही दिलेली आहेत. या विकाराला एकच जनुक कारणीभूत नसल्याने अशा जाळ्यांचा अभ्यास विशेष उपयुक्त ठरतो.

संकलनाचे काम संथ व खर्चिक असून ते कधीही पूर्ण होत नाही. बंगलोरच्या संग्रहात ४१ हजारांहून अधिक प्रथिन-आंतरक्रिया नोंदल्या गेल्या. तथापि २०१० नंतर त्याची नवी आवृत्ती निघाली नाही. नोंदी थांबलेला संग्रह जुन्या ज्ञानाचा साठा म्हणून उपयोगी पडतो. परंतु एखादी आंतरक्रिया त्यात नसणे हा ती अस्तित्वात नसल्याचा पुरावा ठरत नाही.