थायरॉइडची गोळी आणि आपले ताट

आमच्या लोह्यात एखादी बाई दुपारी जरा आडवी झाली, की "आळशी आहे" असे म्हणायला शेजारपाजार मोकळा असतो. अंग जड पडते, केस गळतात, थंडी सोसत नाही, पाळीचे गणित चुकते, खाणे कमी असूनही वजन वाढते. बाई सांगत नाही आणि घरातले विचारत नाहीत. अशा कितीतरी भगिनींना आळस नसून थायरॉइडचा आजार असतो. देशातील आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शंभर प्रौढांमागे सुमारे अकरा जणांत ही ग्रंथी मंद आढळली. त्यात स्त्रियांचे प्रमाण जास्त होते.

आम्ही डॉक्टर नाही, कचेरीत कारकुनी करणारी माणसे आहोत. तरीही लिहावेसे वाटले, कारण ही गोष्ट आमच्याच घरात घडली.

आमच्या पत्नी दोन वर्षे थकलेल्या होत्या. रक्त कमी असेल म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, पण थकवा गेला नाही. शेवटी रक्त तपासले तेव्हा टीएसएच वाढलेला निघाला. थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या बाजूस असलेली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. तिच्यातून निघणारे थायरॉक्सिन शरीराच्या सगळ्या कामाची गती ठरवते. ते कमी पडले की मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी टीएसएच पाठवून तिला कामाला लावते. हे आमच्या कचेरीसारखेच आहे. खालून उत्तर आले नाही की वरून स्मरणपत्रांवर स्मरणपत्रे येतात. टीएसएच वाढणे म्हणजे ही स्मरणपत्रे वाढणे.

थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली आणि चार महिन्यांत घर पुन्हा हसू लागले. तेवढ्यात एक नातेवाईक बाई आल्या. म्हणाल्या, "ही गोळी एकदा लागली की सुटत न्हाई बाई. त्यापरीस सकाळी धण्याचं पाणी पी." पत्नींनी आम्हाला न सांगता गोळी बंद केली. पहिले पंधरा दिवस काहीच जाणवले नाही. हे औषध शरीरातून हळूहळू उतरते, निम्मे व्हायलाच साधारण आठवडा लागतो. म्हणून माणसाला वाटते, धण्याच्या पाण्यानेच गुण आला! अडीच महिन्यांनी चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, तेव्हा आमचे डोळे उघडले.

गोळी पुन्हा सुरू केली, पण टीएसएच काही उतरेना. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "गोळी कशी घेता?" पत्नी म्हणाल्या, "सकाळी चहासोबत, लोहाच्या गोळीबरोबर." तिथेच उत्तर सापडले. ही गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने करायचा. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर हवे, नाहीतर औषध आतड्यात नीट शोषले जात नाही. सोयाबीनचेही तसेच. आपल्या नांदेड-लातूरच्या शिवारात सोयाबीन उदंड पिकते, पण त्याची वडी किंवा पीठ गोळीच्या वेळी नको. वेळ सुधारल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासले, तेव्हा आकडा उतरला होता.

मग आहाराचे काहीच काम नाही का? आहे, पण ते वेगळे आहे. थायरॉक्सिन बनवायला आयोडीन लागते. प्रौढ माणसाला दररोज १५० मायक्रोग्रॅम, गरोदर स्त्रीला २५०. कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी यांच्या पथकाने १९५६ पासून आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिले आणि तिथले गलगंड कमी झाले. त्यातूनच १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. तेव्हा मीठ आयोडीनयुक्तच घ्या आणि झाकणाच्या डब्यात कोरडे ठेवा. खडेमीठ किंवा सैंधव 'नैसर्गिक' म्हणून आणाल तर आयोडीनला मुकाल. ज्वारीची भाकरी सोडण्याचे कारण नाही. शिजवलेली कोबी-फुलकोबी बेताने खायला हरकत नाही.

पण आज अनेकांत हा आजार आयोडीनच्या कमतरतेने होत नाही. शरीराची संरक्षक शक्तीच या ग्रंथीवर उलटते. जपानच्या हाशिमोटो यांनी १९१२ साली हा प्रकार नोंदवला. अशी खचलेली ग्रंथी कोणत्याही भाजीने वा काढ्याने परत उभी राहत नाही. तिथे गोळीच हवी, बहुधा कायमची. ही सवय नव्हे, जे शरीर बनवू शकत नाही त्याची ती भरपाई आहे. इंग्लंडमध्ये १८९१ साली डॉ. मरे यांनी एका रुग्ण स्त्रीला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क दिला, आणि ती त्या उपचारावर पुढे सुमारे अठ्ठावीस वर्षे जगली.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. थकवा आला म्हणून शेजारणीची गोळी मागून घेऊ नका. युरोपात ६५ वर्षांवरील ७३७ जणांवर अभ्यास झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. टीएसएच थोडासाच वाढलेल्या त्या वृद्धांचा थकवा गोळीने कमी झाला नाही. गरज नसता गोळी घेतली तर छाती धडधडते, हाडे ठिसूळ होतात.

आणि एक कळकळीचे सांगणे. घरात सून गरोदर असेल आणि तिला ही गोळी चालू असेल, तर ती क्षणभरही बंद करू नका. दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना सांगा, कारण अशा वेळी मात्रा बहुधा वाढवावी लागते. पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते.

आमच्या पत्नी आता उशाशी पाण्याचा तांब्या आणि गोळ्यांची डबी ठेवतात. दोन वर्षे त्या थकल्या होत्या आणि आम्ही विचारले नाही, ही चूक आमची. बंधूंनो, तुमच्या घरातली बाई थकली असेल तर तिला आळशी म्हणण्याआधी रक्त तपासायला घेऊन जा.