काळाराम मंदिराचे चार दरवाजे

नाशिकच्या पंचवटीतील काळाराम मंदिर उंच दगडी तटाने वेढलेले आहे आणि त्या तटाला चार दिशांना चार दरवाजे आहेत. पेशवाईतील सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस काळ्या पाषाणात हे मंदिर उभारले. दगड रामशेजच्या डोंगरातून आणल्याचे सांगतात. गाभाऱ्यातील राममूर्तीही काळी, म्हणून हा काळाराम. मंदिराचे शिल्प देखणे आहेच, पण महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात ते ओळखले जाते या दरवाजांमुळे.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सुमारे १५ हजार स्त्री-पुरुषांची मिरवणूक मंदिराकडे निघाली. रांग जवळजवळ मैलभर लांब होती. अस्पृश्य ठरवलेल्या समाजाला रामाचे दर्शन मिळावे, एवढीच मागणी होती. दरवाजे बंद झाले. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ स्त्रियांची पहिली तुकडी चारही दरवाजांशी भजने म्हणत बसली. भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे, पां. ना. राजभोज ही मंडळी लढ्याची धुरा वाहत होती. आपल्याच देवाला कुलपात ठेवून सनातनी मंडळींनी महिना काढला.

मग आली रामनवमीच्या उत्सवातली रथयात्रा. दोन्ही बाजूंच्या धडधाकट माणसांनी मिळून रथ ओढायचा, असा समझोता झाला होता. एकाच दोराला सगळ्यांचे हात लागणार होते. नाशिकला त्या दिवशी मिळालेली ती फार मोठी संधी होती. ९ एप्रिलला प्रत्यक्षात घडले ते वेगळेच. सत्याग्रहींचे हात दोराला लागण्यापूर्वीच रथ पुढे पळवण्यात आला. अरुंद रस्त्यावर दगडफेक आणि मारामारी झाली, अनेकांची डोकी फुटली, खुद्द आंबेडकरांनाही किरकोळ दुखापत झाली. दंगलीची झळ शहराबाहेरही गेली. खेड्यापाड्यांत महार कुटुंबांचे रस्ते अडवले गेले, दुकानातला माल नाकारला गेला. मोर्चात आलेल्यांनी त्याची किंमत आपापल्या गावात मोजली, आणि ही किंमत इतिहास सांगताना बहुधा गळून पडते.

सत्याग्रह थांबत-सुरू होत काही वर्षे चालला. मूर्तिपूजक होण्यासाठी नव्हे, तर समाज जागा व्हावा म्हणून हा लढा उभारला, असे आंबेडकरांनी १९३४ मध्ये गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात स्पष्ट केले आणि शिक्षण व राजकारणाकडे लक्ष देण्याचा सल्ला दिला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले. ती जागा आज मुक्तिभूमी म्हणून ओळखली जाते. १९४७ च्या मुंबई प्रांताच्या मंदिरप्रवेश कायद्यानंतर देवळांचे दरवाजे उघडले. पण १९५६ मध्ये नागपूरला लाखोंनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि ज्यांनी काळारामाच्या दारात मार खाल्ला, त्यांच्यापैकी अनेकांच्या घरात आता रामाची पूजा उरली नव्हती.

म्हणून इथला समेट कुलूप काढण्यापुरता नव्हता. त्यासाठी चूक कबूल व्हावी लागली, आणि त्याला पाऊण शतक लागले. सत्याग्रहाला ७५ वर्षे झाली त्या २००५ साली, १९३० मध्ये विरोध करणाऱ्या पुजाऱ्यांच्या नातवाने, म्हणजे मंदिराच्या महंतांनी, आजोबांच्या कृतीबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. एका घराण्याने आपल्या माणसाची चूक नावानिशी मान्य करणे ही सोपी गोष्ट नव्हे. तरीही सारे मिटले असे म्हणता येत नाही. २०२३ मध्ये कोल्हापूरच्या राजघराण्यातील संयोगिताराजे छत्रपती यांनी इथल्या आपल्या पूजेत वेदोक्त मंत्रांना पुजाऱ्यांकडून हरकत घेतली गेल्याची तक्रार केली आणि वेदमंत्रांनी विधी करून घेण्याचा अधिकार कुणाला, हा शाहू महाराजांच्या काळातला वेदोक्ताचा प्रश्न पुन्हा वर आला.

रामरथ आजही चैत्रात निघतो. मानकरी पुजारी रथाकडे तोंड करून, देवाला पाठ न दाखवता, पूर्ण मार्ग उलट पावली चालतो. त्याच्या काही आठवडे आधी, २ मार्चला, आंबेडकरी अनुयायी सत्याग्रहींना अभिवादन करतात. त्यांच्यातल्या बौद्धांसाठी वंदनीय आहे ती दरवाजाबाहेरची जागा, जिथे ती पहिली तुकडी बसली होती.